पन्नास टक्क्यांची रेघ

इपीओ हे संप्रेरक रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं, स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो. १९९० च्या दशकात अनेक सायकलपटू ते टोचून घेत. पकडणारी चाचणीच नव्हती. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने १९९७ मध्ये मर्यादा घातली: पुरुषांच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा ५० टक्क्यांच्या वर गेला, तर शर्यतीबाहेर. प्रामाणिक खेळाडूंवर हा अन्यायच होता, कारण ४९ पर्यंत टोचून घ्यायला मोकळीक मिळाली. जून १९९९ मध्ये जिरो दि'इतालिया ही सायकल शर्यत जवळपास जिंकलेला मार्को पंतानी ५२ वर सापडला आणि घरी गेला. इपीओची लघवीचाचणी सायकलिंगमध्ये आली २००१ मध्ये. २००८ पासून जैविक पासपोर्ट आहे. त्यात खेळाडूच्या रक्ताची तुलना त्याच्याच जुन्या नमुन्यांशी होते.