पार्टीत बोललेलं नेमकं कोण ऐकतं?

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, शाळेच्या पालकसभेत, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे मला ऐकावं लागलं आहे: "ते प्लेस्टेशन घरातलं सगळं ऐकतं म्हणे. कंपनीची माणसं बसलेली असतात रेकॉर्डिंग ऐकायला." सांगणारा शिकलेला असतो आणि काळजीपोटीच सांगतो. पहिल्या दहा वेळा मी शांतपणे समजावलं. आता माझा आवाज चढतो. त्याला कारण घडलं आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा बारा वर्षांचा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो रात्री मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा. त्यांच्या पार्टीत कुणाच्या तरी ओळखीनं एक मोठा माणूस शिरला. हारजीत काहीही झाली तरी तो या पोरांना आईबहिणीवरून शिव्या द्यायचा आणि शाळेचं नाव सांगा, घरी येतो, अशी धमकी द्यायचा. दोन आठवडे हे चाललं होतं. पोरानं एकाएकी खेळणं सोडलं तेव्हा ताईनं खोदून विचारलं. मी त्याला म्हटलं, "अरे, मग रिपोर्ट का नाही केलास?" तो म्हणाला, "मावशी, कंपनी ऐकतेच ना सगळं? त्यांना चालत असेल, म्हणून तर कुणी काही केलं नाही."

म्हणजे मोठ्यांनी पसरवलेल्या अफवेवर विश्वास ठेवून पोरगं दोन आठवडे गप्प बसलं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

खेळणाऱ्यांच्या भाषेत पार्टी म्हणजे मित्रांची बोलायची खोली. कॉन्फरन्स कॉलसारखी. गेम कुठलाही असो, ही खोली कन्सोलची असते. अफवेचा उगम ऑक्टोबर २०२० मधला आहे. सोनीनं आपल्या प्लेस्टेशन-४ ची, म्हणजे पीएस-४ ची, आठ क्रमांकाची प्रणाली आणली आणि लोकांच्या पडद्यावर एक सूचना झळकली: पार्टीतलं बोलणं रेकॉर्ड होऊ शकतं आणि तपासणीसाठी पाठवलं जाऊ शकतं. सूचना अर्धवट होती आणि तिचा गहजब व्हायचा तो झाला. एक-दोन दिवसांतच सोनीनं आपल्या अधिकृत ब्लॉगवर खुलासा केला. ही सोय पुढच्या महिन्यात येणाऱ्या पीएस-५ साठी आहे, ती वापरणं खेळणाऱ्याच्या हातात आहे आणि कंपनी स्वतःहून कुणाचं बोलणं ऐकत नाही, ऐकणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. सूचनेचा स्क्रीनशॉट जगभर गेला. खुलासा मात्र फार थोड्यांनी वाचला.

ही सोय चालते कशी? दुकानातला सीसीटीव्ही आठवा. त्याची डिस्क भरली की जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढतं, आणि चोरी झाली तरच मालक ते उघडून बघतो. पीएस-५ वरच्या पार्टीचं तसंच आहे, फक्त डिस्क अगदीच छोटी. शेवटची पाच मिनिटं तेवढी हाताशी राहतात. कुणी शिवी दिली, धमकावलं, तर पार्टीतला कुणीही रिपोर्ट उघडू शकतो आणि त्या पाच मिनिटांतला मुद्द्याचा तुकडा निवडू शकतो. वीस सेकंदांचं बोलणं आणि मागचापुढचा संदर्भ कळावा म्हणून दोन्हीकडे दहा-दहा सेकंद, म्हणजे जास्तीत जास्त चाळीस सेकंद. एवढंच कंपनीकडे जातं, तेही कुणीतरी पाठवलं तर. तिथे माणूस ते ऐकतो आणि ठरवतो.

तरी पटत नसेल तर साधा हिशोब करा. प्लेस्टेशनच्या जाळ्यावर महिन्याला दहा कोटींहून जास्त खाती वापरात असतात. प्रत्येकानं महिन्यात फक्त एक तास गप्पा मारल्या असं धरलं, तरी दहा कोटी तास होतात. रोज आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस कानाला हेडफोन लावून बसणारा माणूस दोनशे तास ऐकेल. म्हणजे नुसतं ऐकायला पाच लाख माणसं पगारावर ठेवावी लागतील. कशासाठी? तुमच्या मुलानं 'मागे बघ, मागे बघ' असं ओरडलेलं ऐकण्यासाठी?

दुसऱ्या दोन कंपन्यांचीही घडण साधारण अशीच आहे. मायक्रोसॉफ्टनं जुलै २०२३ मध्ये एक्सबॉक्सवर आवाजासह रिपोर्ट करायची सोय जाहीर केली. गेममधल्या बोलण्याची साठ सेकंदांची क्लिप खेळणारा स्वतः पकडतो. ती त्याच्याच कन्सोलवर चोवीस तास राहते आणि त्यानं पाठवली नाही तर नाहीशी होते. निन्टेन्डोनं तर २०२५ च्या जूनमध्ये स्विच-२ येईपर्यंत आधीच्या स्विच कन्सोलमध्ये गप्पांची धड सोयच दिली नव्हती, त्यासाठी मोबाइलवर वेगळं अॅप लागायचं. आता गेमचॅट आहे, आणि तिथेही शेवटच्या तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग कन्सोलवर राहतं ते रिपोर्टसाठी. सोळा वर्षांखालच्या मुलानं कुणाशी बोलायचं हे आईबाबांनी आपल्या फोनवरून मंजूर करावं लागतं. ही तरतूद मला मनापासून आवडली.

मग लोकांना संशय येतो तो अगदीच निराधार आहे का? नाही. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन किनेक्ट नावाच्या कॅमेरा-मायक्रोफोनसह जाहीर झाला, आणि ते उपकरण सतत जोडलेलं असलंच पाहिजे अशी अट होती. लोक इतके खवळले की विक्री सुरू होण्याआधीच कंपनीला ती अट काढावी लागली. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतल्या 'व्हाइस'च्या मदरबोर्ड विभागानं बातमी दिली की मायक्रोसॉफ्टचे कंत्राटी कामगार एक्सबॉक्सला दिलेल्या तोंडी आज्ञांची रेकॉर्डिंग ऐकत होते. यंत्र चुकून जागं होऊन टिपलेले घरातले आवाजही त्यात होते. ही बातमी खरी होती आणि संतापायलाच हवं अशी होती. पण ते प्रकरण आवाजी सहायकाचं होतं, पार्टीतल्या गप्पांचं नव्हे. कुठल्या दारातून चोर शिरला हे नीट माहीत नसेल तर आपण भलत्याच दाराला कुलूप लावून बसतो.

आता जिथे खरोखर यंत्र ऐकतं ती जागा सांगते, कारण तिच्याबद्दल या मेसेजमध्ये अवाक्षर नसतं. ती जागा म्हणजे गेमच्या आतला चॅट. कन्सोलची पार्टी वेगळी आणि अनोळखी खेळाडूंशी जोडणारा गेमचा स्वतःचा चॅट वेगळा. दुसऱ्याचे नियम गेम बनवणारी कंपनी ठरवते. कॉल ऑफ ड्यूटीत ऑगस्ट २०२३ मध्ये टॉक्समॉड नावाची प्रणाली आली. सुरुवात उत्तर अमेरिकेत आणि इंग्रजीपासून झाली, आणि त्याच नोव्हेंबरात मॉडर्न वॉरफेअर-३ या त्याच्या नव्या भागाबरोबर आशिया वगळून इतरत्र ती नेण्यात आली. ती चालू खेळात बोलणं तपासते आणि द्वेष, छळ, धमकी वाटली की नोंद करते. शिक्षा मात्र ती करत नाही, तो निर्णय गेमच्या कंपनीची, अॅक्टिव्हिजनची, माणसं घेतात. ज्याला ही तपासणी नको त्याच्यापुढे एकच मार्ग ठेवला आहे: गेममधला व्हॉइस चॅट बंद करणं. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट गेम्सनं जुलै २०२२ पासून उत्तर अमेरिकेतलं इंग्रजी बोलणं टिपून आपल्या यंत्राला शिकवायला घेतलं. फोर्टनाइटमध्ये नोव्हेंबर २०२३ पासून शेवटच्या पाच मिनिटांची पद्धत आहे, आणि चॅटमध्ये अठराच्या आतलं कुणी असेल तर ती बंद करता येत नाही.

आणि आपल्याकडे? इंग्रजीवर वाढलेलं यंत्र आपली मराठी-हिंदी मिसळलेली शिवी पकडेल या भरवशावर बसणं वेडेपणाचं आहे. आपल्या पोरांना वाचवणारी गोष्ट आज तरी रिपोर्टचं बटणच आहे.

या अफवेच्या अगदी उलट टोकाचा गैरसमज मोठ्या मुलांत दिसतो: पार्टी खाजगी आहे, इथे काहीही बोललं तरी बाहेर जात नाही. जातं. पाच जणांच्या खोलीत पाच जणांच्या हातात ते बटण आहे. चाळीस सेकंद कंपनीकडे पाठवायला तुमची वेगळी परवानगी लागत नाही. ही सोय नकोच असं म्हणून पीएस-५ वर बाहेरही पडता येत नाही. सोनीनं तेव्हाच सांगितलं होतं की प्रत्येकाला सुरक्षितपणे रिपोर्ट करता यावा म्हणून हे असं आहे. काही जण मग डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपचं नाव काढतात, तिथल्या आवाजाच्या कॉलना आता एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे म्हणून. आहेच. पण एन्क्रिप्शन वाटेत कुणी ऐकू नये म्हणून असतं. ज्याच्या कानात तुमचा आवाज पोचला त्याला तो टिपायला वाटेवर जावंच लागत नाही.

बाकीचे समज भराभर. एखाद्याला म्यूट केलं म्हणजे रिपोर्ट झाला, असं नाही. तुमच्यापुरता आवाज थांबला, इतर मुलं अजून ऐकत आहेत. रिपोर्ट केला की समोरच्याला आपलं नाव कळतं, हेही चूक. एक्सबॉक्सवर तक्रार करणाऱ्याचं नाव दिलं जात नाही. दहा मित्रांनी मिळून रिपोर्ट केलं की कुणाचंही खातं उडवता येतं, हा पोरांचा लाडका समज आहे, पण शिक्षा तक्रारींच्या संख्येवर ठरत नाही. एक्सबॉक्सनं ऑगस्ट २०२३ पासून आठ पायऱ्यांची पद्धत लावली आहे. पहिल्या स्ट्राइकला एक दिवस बंदी, आठव्याला वर्षभर, आणि प्रत्येक स्ट्राइक सहा महिने खात्यावर राहतो.

'आमच्याकडे हेडफोनच नाही, म्हणजे माइक नाही' या समजावर मात्र थांबायला हवं. पीएस-५ च्या रिमोटमध्येच माइक असतो. मी ताईकडे हे करून पाहिलं. भाच्याला पार्टीत मित्राशी बोलायला बसवलं, हेडफोन काढून ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. पलीकडच्या मित्राला कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या, आणि ताईनं भाजीवाल्याला फोनवर सांगितलेला फ्लॅट नंबरही त्यानं बरोबर म्हणून दाखवला. ताई पिठाच्या हातांनी तशीच दारात उभी राहिली. म्हणजे घरातलं बोलणं बाहेर जात होतंच, फक्त ते कंपनीकडे नाही, पार्टीत जो कोणी असेल त्याच्याकडे. दोन आठवडे तिथे कोण होता हे आठवून तिच्या अंगावर काटा आला. रिमोटवर पीएसच्या चिन्हाखाली एक छोटं आडवं बटण आहे. ते दाबलं की त्यावर नारिंगी दिवा लागतो. दिवा लागलेला म्हणजे माइक बंद. सेटिंगमध्ये आवाजाच्या पानावर लॉगिन करतानाच माइक बंद ठेवण्याचीही सोय आहे.

आणखी एक गोष्ट आपण पालक स्वतःच्या हातानं बिघडवतो. खातं उघडताना कटकट नको म्हणून मुलाच्या जागी वडिलांची जन्मतारीख टाकतो. मुलांसाठीचं सगळं संरक्षण त्याच एका तारखेवर उभं आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइटच्या एपिक गेम्सला मुलांच्या खाजगीपणाबद्दल २७.५ कोटी डॉलरचा दंड लावला आणि मुलं व किशोरांसाठी व्हॉइस चॅट आपसूक बंदच असला पाहिजे असं बजावलं. जून २०२३ मध्ये मुलांच्या माहितीवरूनच मायक्रोसॉफ्टला एक्सबॉक्ससाठी दोन कोटी डॉलर भरावे लागले. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतला प्रत्येक जण मूल धरला आहे आणि पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. पण खातं सांगत असेल की हा माणूस बेचाळीस वर्षांचा आहे, तर यातलं काहीही त्या मुलापर्यंत पोचत नाही.

भाच्याचं खातं त्याच्या बाबांच्या तारखेवर होतं. त्या माणसाचा आवाज तोवर कन्सोलवर उरला नव्हता, पण आवाजाशिवायही रिपोर्ट करता येतो. तो आम्ही त्याच संध्याकाळी केला, आणि धमकीची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर वेगळी नोंदवली. मग खऱ्या जन्मतारखेचं नवं खातं उघडलं. जुन्या खात्यावर त्याच्या एकशे बारा ट्रॉफी होत्या. त्या नव्या खात्यावर येणार नाहीत हे कळल्यावर तो बराच वेळ रडला. शेवटी डोळे पुसून त्यानं मित्रांची नावं एकेक करून सांगितली आणि ताईनं ती एकेक करून मंजूर केली.