झोतभट्टी आणि ताळेबंद

भिलाईच्या रहिवाशास पोलाद म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी येथील पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतील लोहखनिज येथे येते व रेल्वेचे रूळ होऊन देशभर जाते, हा क्रम येथील शाळकरी मुलांच्याही परिचयाचा आहे. परंतु हा कारखाना ज्या कंपनीचा एक विभाग आहे, त्या स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘सेल’चा, वार्षिक अहवाल साद्यंत वाचून मगच तिचे शेअर घेणारा गृहस्थ याच नगरात विरळा. कारखान्याची ओळख ही कंपनीच्या अर्थस्थितीची ओळख नव्हे. ही दुसरी ओळख कशी करून घ्यावी, याचा विचार येथे मांडावयाचा आहे.

अहवालातील तीन पत्रकांपैकी ताळेबंद हा ३१ मार्च या एकाच दिवसाची मालमत्ता आणि देणी दाखवितो, नफातोटा पत्रक वर्षभराची कमाई दाखविते, आणि रोखप्रवाह पत्रक त्या कमाईपैकी हातात प्रत्यक्ष किती पडले ते सांगते. नवशिका वाचक निव्वळ नफ्याचा आकडा पाहून थांबतो. जाणता वाचक तिन्ही पत्रके एकमेकांसमोर ठेवतो. भिलाईचाच दाखला घ्यावयाचा, तर क्षमता सत्तर लाख टनांपर्यंत नेणारे आधुनिकीकरण वर्षानुवर्षे चालू होते. ‘महामाया’ नावाची आठवी झोतभट्टी २०१८ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. असे काम अपुरे असते तोवर त्यावर ओतलेला पैसा ताळेबंदात ‘प्रगतिपथावरील भांडवली काम’ या सदराखाली पडून राहतो, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याजही नियमानुसार त्या मालमत्तेच्या किमतीतच मिळविले जाते. ज्या दिवशी यंत्र सुरू होते, त्या दिवसापासून घसारा आणि व्याज ही दोन्ही नफातोटा पत्रकात उतरतात. म्हणजे नगरात ज्या घटनेचा उत्सव होतो, तीच हिशेबात प्रथम नव्या खर्चाच्या रूपाने प्रकट होते. उत्पादन वाढून तो खर्च भरून निघण्यास अवधी लागतो.

आता नफ्याचे आकडे पाहू. २०१५-१६ मध्ये सेलला चार हजार कोटींहून अधिक तोटा झाला. पुढच्या वर्षी २,८३३ कोटी आणि त्यापुढच्या वर्षी ४८२ कोटी रुपये तोटा होता. नंतर २,१७९ कोटी, २,०२२ कोटी आणि ३,८५० कोटी असा नफा आला. २०२१-२२ मध्ये तो एकदम १२,०१५ कोटींवर गेला, आणि २०२२-२३ मध्ये १,९०३ कोटींवर उतरला. कंपनीचे शेअर सुमारे ४१३ कोटी असल्यामुळे शेअरमागे मिळकत एका वर्षी २९ रुपये, तर लगेच पुढच्या वर्षी साडेचार रुपयांच्या आसपास पडली. या पडझडीत भिलाईच्या कामगाराचा अपराध कोणताच नव्हता. युक्रेनच्या युद्धानंतर परदेशातून आणाव्या लागणाऱ्या कोकिंग कोळशाचा भाव टनाला ६०० डॉलरच्या वर गेला, आणि मे २०२२ मध्ये सरकारने पोलादाच्या निर्यातीवर बसविलेला पंधरा टक्के कर नोव्हेंबरपर्यंत कायम राहिला.

अशा धंद्यात प्रचलित पी-ई गुणोत्तर, म्हणजे भावाला शेअरमागच्या मिळकतीने भागून येणारा आकडा, वाचकास उलटी दिशा दाखवू शकतो. शेअरचा भाव शंभर रुपये आहे असे गृहीत धरले, तर २०२१-२२ च्या मिळकतीवर हे गुणोत्तर साडेतीनहूनही कमी येते आणि शेअर फुकटात मिळत असल्यासारखा वाटतो. पुढील वर्षाच्या मिळकतीवर तेच बावीसच्या घरात जाते. धानाच्या एका भरघोस सुगीवरून कोणी शेताची किंमत ठरवीत नाही. १९२९ च्या पडझडीचे चटके सोसलेल्या बेंजामिन ग्रॅहम यांनी डेव्हिड डॉड यांच्यासह १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस’ या ग्रंथात किमान पाच, शक्यतो सात किंवा दहा वर्षांच्या मिळकतीची सरासरी काढावी असा आग्रह धरला, तो याचसाठी. वरील आठ वर्षांची सरासरी काढली, तर शेअरमागे साडेचार रुपयेही भरत नाहीत. तथापि ही सरासरीही डोळे मिटून स्वीकारण्याजोगी नाही, कारण तोट्याची तिन्ही वर्षे भिलाईची नवी क्षमता पूर्णपणे कामास लागण्यापूर्वीची आहेत. त्यांना किती वजन द्यावे हा विवेकाचा प्रश्न आहे, आणि माझ्या मते शेअरच्या मूल्यमापनातील खरे कौशल्य येथेच पणास लागते.

कर्जाचा विचार त्याहूनही अगत्याचा. मार्च २०२१ ते मार्च २०२२ या काळात सेलचे कर्ज सुमारे ३५,००० कोटींवरून १३,४०० कोटींच्या आसपास आले. त्या वर्षीचा नफा केवळ कागदावरचा नव्हता, याचा इतका भक्कम पुरावा दुसरा नाही. शंभर रुपये भावाने सर्व शेअरांची किंमत ४१,३०० कोटी होते; तीत कर्ज मिळविले म्हणजे संपूर्ण उद्योगाची किंमत पहिल्या स्थितीत ७६,३०० कोटी आणि दुसरीत ५४,७०० कोटी भरते. भाव तोच, पण विकत घेतलेली वस्तू निराळी!

अहवालाच्या मागील पानांकडे दुर्लक्ष करू नये. सरकारी कंपनी असल्याने नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अभिप्राय तेथे असतात, संभाव्य देण्यांची नोंद असते, आणि विभागवार हिशेबात भिलाई, बोकारो, राउरकेला, दुर्गापूर, बर्नपूर यांची आकडेवारी स्वतंत्र दिलेली असते. भिलाईकराने प्रथम हेच पान उघडावे. इतर कारखान्यांच्या उणिवांचा भार आपल्या कारखान्याच्या कमाईवर किती पडतो, हे तेथे दिसते. शेअर भिलाईचा मिळत नाही, मिळतो तो या सर्वांचा एकत्रित.

येथील कर्मचाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. त्याचा पगार, क्वार्टर आणि औषधोपचार ही सारी ज्या कंपनीकडून येतात, तिच्याच शेअरांत आयुष्याची बचत गुंतविली, तर मंदीचा आघात एकाच घरावर दोन बाजूंनी होतो. तोट्याच्या त्या तीन वर्षांत भागधारकांस लाभांश मिळाला नाही, आणि कामगारांची १ जानेवारी २०१७ पासून देय असलेली वेतनवाढ ऑक्टोबर २०२१ मध्ये समझोता होईपर्यंत रेंगाळली. यास्तव अभ्यासाची सुरुवात त्याने सेलच्या अहवालापासून अवश्य करावी, कारण त्यातील प्रत्येक शब्दामागचे यंत्र त्याने पाहिलेले आहे. बचतीचा मोठा भाग मात्र पोलादाच्या तेजीमंदीशी संबंध नसलेल्या उद्योगांत, त्यांचेही दहा-दहा वर्षांचे ताळेबंद तपासून, ठेवावा.