पीटर नावाचं भटकं पिल्लू आणि लुई वेन

मांजरवाल्यांनो, लुई वेन हे नाव ऐकलंय का? लंडनचा चित्रकार, जन्म 1860. बहिणींना शिकवायला घरी येणाऱ्या, वयाने दहा वर्षांनी मोठ्या एमिलीशी त्याने 1884 मध्ये लग्न केलं. घरच्यांनी अर्थातच नाकं मुरडली. थोड्याच काळात तिला स्तनाचा कॅन्सर झाला. त्याच दिवसांत पावसात केविलवाणं ओरडणारं एक काळं-पांढरं पिल्लू दोघांनी घरात घेतलं. तोच हा पीटर.

अंथरुणाला खिळलेल्या बायकोला हसवायला लुई पीटरच्या नाकावर चष्मा चढवायचा, वाचत असल्यासारखं बसवायचा. (आमची मनी चष्मा सोडा, गळ्यात पट्टाही घालू देत नाही!) त्याची भराभर स्केचेस काढायचा. ती छापायला दे, हा आग्रह एमिलीचाच. 1886 च्या नाताळात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये त्याच्या मांजरांची अख्खी पार्टी छापून आली. पुढच्याच वर्षी एमिली गेली.

नंतर नाव खूप झालं, पैसा टिकला नाही. मानसिक आजारामुळे 1924 मध्ये तो मनोरुग्णालयाच्या गरिबांच्या वॉर्डात पोचला. लेखक एच. जी. वेल्ससारख्यांनी आवाज उठवल्यावर बरी सोय झाली. शेवटच्या, नॅप्सबरीच्या इस्पितळात बाग होती आणि बागेत मांजरं. तिथेच 1939 मध्ये तो वारला.

आणि हो, ‘आजार वाढला तशी मांजरं विस्कटत गेली’ म्हणून त्याची जी आठ चित्रं फिरतात, त्यांच्यावर तारखाच नाहीत. तो क्रम नंतर दुसऱ्याच कुणीतरी लावलाय. कृपया फॉरवर्ड करू नका.