पोहण्याच्या शर्यतीत उतरण्यापूर्वी

मुलामुलींनो, वैनगंगेच्या काठी वाढलेल्यांना पोहणे काही नवे नाही. पण नदी ओलांडणे निराळे अन् शर्यत निराळी. नदीत आपण डोके वर ठेवतो. शर्यतीत डोके वर राहिले की पाय खाली जातात आणि वेग मोडतो. म्हणून तोंड पाण्यात ठेवून, बाजूला वळवून श्वास घ्यायला शिका. ओळखीच्या मामा तलावात, संथ पाण्यात २५ मीटरांच्या खुणा करून सराव होतो. मात्र पोहता येणारा जाणता माणूस काठावर हवाच. पुराच्या पाण्यात उतरू नका.

इशाऱ्याआधी उडी घेतली की स्पर्धक बाद होतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला दोन्ही हात एकदम टेकावे लागतात. शालेय गट १४, १७ व १९ वर्षांखालील असतात. तेव्हा गुरुजींनी जन्मतारखेचा दाखला आधीच तपासावा.

आईबापांनो, पहिल्याच खेपेला पदक मागू नका. १९६५ च्या युद्धात जबर जखमी झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहून सुवर्णपदक विजेते ठरले. शर्यतीला ३७.३३ सेकंद लागले. तयारीला वर्षे लागली. मूल घरी आले की ‘कितवा आलास?’ असे नको. ‘मागच्यापेक्षा किती सेकंद कमी लागले?’ असे विचारा.