‘नॉइसम’मध्ये आवाज नाही

मध्यंतरी एका इंग्रजी कथेचं भाषांतर तपासताना ‘खळाळणारं गटार’ असे शब्द आले आणि मी थांबलो. मुळात गटाराला ‘नॉइसम’ हे विशेषण होतं. भाषांतर करणाऱ्या मुलीला त्यात ‘नॉइज’ दिसला. लेखकाला मात्र नाकाला पदर लावायला लावणारी घाण दाखवायची होती.

ही चूक चांगल्या वाचणाऱ्यांकडूनही होते, कारण शब्दाची फोडच फसवी आहे. खरी फोड ‘नॉइ’ आणि ‘सम’ अशी. ‘नॉइ’ हे ‘अनॉय’चं मध्ययुगीन इंग्रजीतलं आखूड रूप, अर्थ त्रास, उपद्रव. ‘सम’ हा ‘ट्रबलसम’मधला प्रत्यय, आपण ‘खोर’ लावून भांडखोर करतो, तसा. उच्चारही वेगळा आहे. ‘नॉइज’च्या शेवटी घोष ध्वनी येतो, ‘नॉइसम’मध्ये स्वच्छ ‘स’.

पण ‘नॉइसम म्हणजे फक्त दुर्गंधी’ हेही अर्धंच खरं. मूळ अर्थ अपायकारक, घातक. वासाचा अर्थ नंतर आला आणि आज तोच जास्त चालतो. 1611च्या किंग जेम्स बायबलमध्ये यहेज्केलच्या पुस्तकात हिंस्र श्वापदांना हेच विशेषण लावलंय. तिथे ना डरकाळी अभिप्रेत आहे, ना वास. ती जिवावर उठणारी जनावरं आहेत. जुनं इंग्रजी वाचताना हा अर्थ आधी तपासावा. अर्थ जवळचा म्हणून काहीजण ‘नॉक्शस’ला याचा भाऊ समजतात, तो शब्द वेगळ्याच लॅटिन मुळातून आलाय.

मला सगळ्यात आवडते ती ‘नॉइज’चीच कुळकथा. बहुतेक अभ्यासक तो शब्द जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन ‘नॉशिया’पर्यंत, म्हणजे बोट लागून होणाऱ्या मळमळीपर्यंत नेतात. त्यामागे जहाजाचा ग्रीक शब्द ‘नाउस’. आपली ‘नौका’ त्याच्याच गोतातली. म्हणजे मळमळ आहे ती गोंगाटाच्या शब्दात, दुर्गंधीच्या शब्दात नाही!

तेव्हा रात्रभर स्पीकर लावणारा शेजारी ‘नॉइझी’. ‘नॉइसम’ म्हणजे तुंबलेली मोरी, कुजका कचरा, कोंदट बोळातली हवा. लाक्षणिक अर्थाने किळस आणणारी गोष्टसुद्धा. मराठीत ‘दुर्गंधीयुक्त’ लिहिलं की वाक्य सरकारी होतं. आपल्याकडे कुबट, कुजट, घाणेरडा, उग्र असे जिवंत शब्द असताना ते कशाला?

त्या मुलीने शेवटी लिहिलं, ‘घाण मारणारं गटार’. ते तसंच छापायला गेलं.