एचटी मोटरचा कारभारी

सिमेंट कारखान्यात प्रीहीटरमधले तापलेले वायू ओढणाऱ्या पंख्याची मोटर सहज २,००० किलोवॉटची असू शकते. ४१५ व्होल्टवर ती साडेतीन हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह मागेल. ६,६०० व्होल्टवर तेच काम सव्वादोनशेत भागतं. म्हणून अशा मोटरी ‘एचटी’वर, म्हणजे उच्च दाबावर, चालतात. अडचण वेगाची. सहा पोलची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला हजारच्या जरा खाली फेरे घेते, हवा जास्त लागो की कमी. हवा कमी करायची तर वाटेतला डॅम्पर ओढून घ्यायचा. मोटर तशीच पळत राहते आणि बरीचशी वीज त्या अडथळ्याशी झगडण्यात जाते.

ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारं उपकरण, वेगालाच हात घालतो. आलेल्या एसीची डीसी करायची आणि तिच्यातून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची एसी पुन्हा घडवायची. फ्रिक्वेन्सीबरोबर व्होल्टेजही उतरवावं लागतं, नाहीतर मोटर तापते. फायदा मोठा आहे, कारण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की हवाही ८० टक्के मिळते, पण शक्ती जवळपास निम्मीच लागते.

हे छोट्या मोटरींना सोपं होतं. ६,६०० व्होल्ट एकट्याने पेलणारा ट्रान्झिस्टर मात्र हाताशी नव्हता. अमेरिकेतल्या रोबिकॉन कंपनीच्या पीटर हॅमंड यांनी निराळी वाट काढली. तिचं पेटंट १९९७ साली मिळालं. टॉर्चमध्ये सेल एकामागे एक बसवतात, तसे त्यांनी कमी व्होल्टेजचे इन्व्हर्टर ओळीने जोडले. ६,६०० व्होल्टसाठी दर फेजला साधारण सहा, म्हणजे एकूण अठरा पॉवर सेल. प्रत्येकाला ट्रान्सफॉर्मरचं वेगळं वाइंडिंग, आणि फेजमधल्या सहा वाइंडिंगमध्ये १० अंशांची फारकत. त्यामुळे एका सेलने लाइनवर उमटवलेले हार्मोनिक्स बरेचसे दुसऱ्यांकडून खोडले जातात. मोटरकडे जाणारी लहरही लहान पायऱ्यांची, जवळजवळ गुळगुळीत निघते. बायपासची सोय असेल तर एक सेल गेला तरी तो वगळून पंखा चालू ठेवता येतो. भट्टी थांबू न देणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

पण हा कारभारी फुकट राबत नाही. तो स्वतः तीन-चार टक्के वीज खातो. दोन हजार किलोवॉटवर ती साठ ते ऐंशी किलोवॉटची उष्णता होते. तिला बाहेर काढायला एअर कंडिशनर किंवा डक्ट लागतो, धुळीसाठी फिल्टर लागतात आणि ते साफ करणारा माणूसही लागतो. उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला घनाचा नियम पुरता लागू होत नाही, कारण वेग कमी केला तरी चढण तेवढीच राहते. पंखा बाराही महिने पूर्ण क्षमतेने चालणार असेल, तर बचतीसाठी ड्राइव्ह बसवणं म्हणजे उलट नुकसान.

म्हणून कोटेशन मागवण्याआधी कंट्रोल रूममधल्या जुन्या नोंदी काढाव्यात. डॅम्पर वर्षभर किती टक्के उघडा होता, यावरून ड्राइव्ह घ्यायचा की नाही ते ठरतं.