मोजणी हवी, पाळत नको

संकेतस्थळावर रोज किती वाचक आले, कोणते पान जास्त वाचले गेले, हे चालवणाऱ्याला कळायलाच हवे. त्यासाठी वाचकाच्या ब्राउझरमध्ये कुकी ठेवून महिनोन्‌महिने त्याचा माग काढण्याची मात्र गरज नसते. २०२२च्या सुरुवातीला ऑस्ट्रिया आणि फ्रान्सच्या माहिती-संरक्षण यंत्रणांनी गूगल ॲनालिटिक्स या मोजणी-साधनाच्या वापरावर आक्षेप घेतला: युरोपीय वाचकांची माहिती पुरेशा संरक्षणाविना अमेरिकेत जात होती.

‘प्लॉझिबल’सारखी साधने वेगळी वाट धरतात. वाचकाचा आयपी पत्ता, ब्राउझरचा तपशील, संकेतस्थळाचे नाव आणि रोज बदलणारी एक गुप्त संख्या यांपासून ‘हॅश’ ही सांकेतिक खूण तयार होते. मूळ पत्ता साठवला जात नाही. दिवस सरला की गुप्त संख्याही पुसली जाते. मग कालचा वाचक आणि आजचा वाचक एकच आहे का, हे साधनालाही सांगता येत नाही.

याची किंमत आहे. दुसऱ्या दिवशी परतलेला वाचक नवाच धरला जातो, त्यामुळे महिन्याभराचे वेगवेगळे वाचक नेमके मोजता येत नाहीत. पण कोणता लेख चालला, वाचक कुठून आले, हे नीट कळते. छोट्या प्रकाशनाला, संस्थेला, दुकानाला एवढे पुरते. वाचकाचा विश्वास राखायचा तर अशा साधनांकडे वळायलाच हवे.